चाळिशीच्या उंबरठ्यावर वाचनाची सवय लागते का? आणि आपल्याला आवडेल ते पुस्तक शोधायचं कसं?

मकरपुरा_लोकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बराच काळ नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच.

वय अडतीस. जन्म, शाळा, नोकरी सगळं बडोद्यात. शाळा गुजराती माध्यमाची. त्यामुळे घरात मराठी, वर्गात गुजराती आणि आता जीआयडीसीत कारखान्यात हिंदी असं आमचं चालतं. मराठी बोलताना अडत नाही, पण मराठी पुस्तक हातात घेतलं की दोन पानांत डोळे जड होतात. गुजरातीतसुद्धा पेपर आणि व्हॉट्सॲप सोडून फारसं वाचलेलं नाही, तेव्हा उगाच भाषेवर खापर फोडत नाही.

बायको साताऱ्याची. तिच्या माहेरी जेवणं आटोपून ताटं उचलायच्या आधीच पुस्तकांच्या गप्पा सुरू होतात. सासरे प्रेमाने विचारतात, "जावईबापू, सध्या काय वाचताय?" मग मला लगेच तहान लागते आणि मी तांब्या शोधायला उठतो. आता मेहुणी मी उठायच्या आधीच तांब्या समोर आणून ठेवते.

मागच्या दिवाळीत सासऱ्यांनी 'मृत्युंजय' भेट दिलं. पुस्तक थोर असणारच, सगळे सांगतात. पण त्याची जाडी बघूनच मी नमस्कार करून कपाटात ठेवलं.

विचारायचं असं की ही सवय या वयात लागते का, आणि मला काय आवडेल हे मला कसं कळणार? कृपा करून 'मरण्यापूर्वी वाचावीत अशी शंभर पुस्तकं' छापाची यादी देऊ नका. त्या याद्या पाहिल्यात. त्या पाहून मरणाचीच जास्त आठवण येते.

तिखट_सेवउसळ

समर्थांचा तो श्लोक कुणी टाकायच्या आत मी पहिला. आता चालू द्या.

पहाटपाच

भाऊ, सोपं आहे. रोज रात्री झोपण्याआधी दहा पानं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पुस्तक उशाशी. कंटाळा आला तरी दहा म्हणजे दहा. सुरुवातीला जड जातं, मग अंगवळणी पडतं. सवय म्हणजे शेवटी शिस्तच. बाकी सगळ्या पळवाटा.

कारेलीबाग_काकू

पहाटपाच, तुमची शिस्त तुम्हाला लखलाभ. या माणसाला दिवसभर कारखान्यात टार्गेट, रात्री घरी येऊन आणखी दहा पानांचं टार्गेट? तो गृहपाठ झाला. शाळेत गृहपाठापायीच निम्म्या लोकांचं वाचन सुटतं.

मला विचाराल तर पहिला धडा पुस्तक सोडून द्यायला शिकण्याचा. नाही आवडलं, मिटलं, दुसरं घेतलं. जेवणात भाजी नाही आवडली तर आपण बाजूला सारतो, मग पुस्तकातच कसला धर्मसंकट? आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, म्हणून अर्धवट सोडलं की पाप लागेल असं वाटतं. काही लागत नाही. थोर म्हणवली जाणारी कितीतरी पुस्तकं मी अर्ध्यावर टाकलीत आणि माझी सगळी व्रतं व्यवस्थित पार पडली.

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक निवडताना मधलंच कुठलं तरी पान उघडा आणि उभ्याउभ्या वाचा. पहिलं पान सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात. मधल्या पानावर खरा माणूस सापडतो. ते पान संपल्यावर बोट आपसूक पुढचं उलटायला गेलं तर घरी न्यायचं.

पहाटपाच

काकू, असं सोडत गेलं तर माणूस काहीच पुरं करणार नाही. काही पुस्तकं पन्नास पानांनंतर पकड घेतात.

कारेलीबाग_काकू

घेऊ देत. ज्याला वाचायची सवय आहे तो पन्नास पानं थांबू शकतो. ज्याला नाही त्याने कशाच्या जोरावर थांबायचं?

तिखट_सेवउसळ

काकू +१. पहाटपाच यांच्या आयडीतच कंटाळ्याची सोय आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

उशिरा आले, पण विषय माझा आहे, तेव्हा जरा लांबेल.

अनेक वर्षं काउंटरवर बसून "एखादं चांगलं पुस्तक द्या हो ताई" हे वाक्य ऐकलं. या वाक्याला उत्तर नसतं. मी उलट विचारायची, "काल फोनवर काय बघत बसला होतात?" लोक आधी लाजतात, मग खरं सांगतात. कुणी जुन्या क्रिकेटच्या मॅचेस बघतो, कुणी खून-दरोड्याच्या मालिका, कुणी नुसते रेल्वे इंजिनांचे व्हिडिओ. तिथेच त्यांचं पुस्तक असतं. ज्याला खुनाच्या मालिका आवडतात त्याला रहस्यकथा द्यायची, उगाच त्याच्या हातात वैचारिक लेखसंग्रह देऊन त्याला सुधारायला जायचं नाही. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम 1931 साली मांडले. त्यात एक आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि त्याला लागूनच दुसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुमच्या सासऱ्यांनी त्यांचं आवडतं पुस्तक तुम्हाला दिलं. ते प्रेम झालं, पण पुस्तक त्यांचं राहिलं.

तर मकरपुरा_लोकल, तुम्हाला विचारते. कारखान्यात नक्की काय काम करता? आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर काय बघता? खरं सांगा, इथे सासरे नाहीत.

मकरपुरा_लोकल

ताई, मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली मशीनं चालू करायची. सुट्टीत बोगदे कसे खणतात, डोंगरात पूल कसे बांधतात असले व्हिडिओ बघतो. हे कधी वाचनाशी जोडलं नव्हतं.

निवृत्त_ग्रंथपाल

मग 'रारंगढांग' घ्या, प्रभाकर पेंढारकरांचं. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनियर, सैन्याची शिस्त, आणि त्याचा स्वतःचा हिशोब. फार जाड नाही. आवडलं नाही तर काकूंचा नियम लागू.

विद्यापीठ_परिसर

सगळे एक गोष्ट गृहीत धरून चाललेत. मराठीच का? माणूस गुजराती माध्यमात शिकला. त्याचे डोळे गुजराती लिपीवर पळतात. आधी गुजरातीत वाचू दे, वाचनाची गोडी लागू दे, मराठी मागून येईल. हे सासुरवाडीला इम्प्रेस करण्याचं प्रकरण आहे, वाचनाचं नाही.

दांडियाबाजार_ओटला

घ्या. बडोद्यात राहून मराठी टिकवायचं कुणी मग? आधीच पोरं घरात गुजराती-हिंदीत उत्तर देतात. 1909, 1921, 1934 आणि मग थेट 2018, चार वेळा साहित्य संमेलन भरलं आपल्या गावात. माधव ज्यूलियन इथे जन्मले. आणि आपण म्हणायचं गुजरातीत वाच?

विद्यापीठ_परिसर

ओटलेवाले काका, संमेलनं भरवून कुणी वाचायला लागत असतं तर मांडवापासून सुरसागरपर्यंत रांग लागली असती. मी मराठी सोडा म्हणत नाहीये. क्रम सांगतोय.

आणि क्रमासाठी माझ्याकडे रामबाण लेखक आहे: काकासाहेब कालेलकर. जन्म 1885, साताऱ्याचा. मातृभाषा मराठी. 1910 च्या सुमारास आपल्याच बडोद्यात गंगनाथ विद्यालयात शिकवत होते. आणि गुजराती गद्य असं लिहिलं की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणायचे. त्यांचं हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक मूळ गुजरातीत आहे. डोंगर बघायची आवड आहे ना? वाचा. आणि सासऱ्यांनी विचारलं की सांगा, "तुमच्या साताऱ्याचाच माणूस वाचतोय, पण आमच्या भाषेत."

तिखट_सेवउसळ

हे उत्तर नाही, ब्रह्मास्त्र आहे. मकरपुरा, तांब्या आता सासऱ्यांना लागेल.

दांडियाबाजार_ओटला

कालेलकरांपुढे काय बोलणार? माघार. पण मराठीचा मुद्दा सोडला नाहीये हं.

नर्मदाकाठ

'सरस्वतीचंद्र' पण आहे ने गुजरातीत. चार भाग. 1887 ते 1901.

कारेलीबाग_काकू

हा माणूस एका 'मृत्युंजय'ला घाबरला, त्याला चार भाग सुचवताय?

खडू_फळा

लिपीबद्दल थोडं, कारण मी शिक्षिका आहे आणि घरी मराठी बोलणारी, शाळेत गुजराती-इंग्रजी शिकणारी मुलं रोज बघते.

धागाकर्त्याचे डोळे जड होतात ते आळसाने नाही. गुजरातीत शिरोरेषा नाही. बरीच अक्षरं देवनागरीसारखी दिसतात, पण अ, इ, ख, च, झ, फ, भ यांचे आकार वेगळे. देवनागरी त्यांना येते, हिंदीमुळे. पण येणं वेगळं आणि पळणं वेगळं. सराईत वाचणारा अक्षरं जोडत बसत नाही, अख्खा शब्द एका नजरेत ओळखतो. ही ओळख फक्त पुष्कळ वाचून होते. आणि पुष्कळ वाचायचं तर मजकूर सोपा हवा. अक्षरांशी झगडून माणूस दमलेला असतो, त्यात अवघड शब्द आले की गोष्ट हातातून निसटते.

म्हणून लाज न बाळगता मुलांची पुस्तकं घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, गोष्ट पळते, संवाद भरपूर, वाक्यं छोटी. घरात मूल असेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे कुणी बघितलं तरी बाप मुलीसाठी वाचतोय असंच वाटेल. मोठ्यांसाठी लिहिलेल्यात हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्या स्वतः लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. समोर बसून बोलल्यासारखं लिहिलंय, त्यामुळे बोली मराठी येणाऱ्याला कान मदत करतो.

मकरपुरा_लोकल

खडू_फळा ताई, शिरोरेषेचं वाचून बायकोला फोन दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे दहा वर्षं मी उगाच आळशी म्हणत होते." हे एवढंच मिळालं तरी धागा वसूल. मुलगी आठ वर्षांची आहे, इंग्रजी माध्यम. तिलाही मराठी वाचता येत नाही.

दांडियाबाजार_ओटला

अवांतर होईल, पण बडोदेकराने "या वयात जमेल का" विचारलं की मला सयाजीरावांचं सांगावंच लागतं.

1863 साली नाशिककडच्या कवळाण्यात जन्मलेला शेतकऱ्याचा पोर, गोपाळराव. 1875 मध्ये दत्तक म्हणून बडोद्यात आणला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. त्या वयात मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं एकदम बसवलं त्याच्याकडून. तोच माणूस पुढे 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करतो. पण नुसतं अक्षर शिकवून सोडलं तर लोक चार वर्षांत विसरतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नाही त्या खेड्यात लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. गावाने वाचायची, पेटी परत पाठवायची, दुसरी पेटी यायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. तिथल्या पुस्तकांच्या कपाटांमधले मजले काचेचे आहेत, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. बघितले नसतील तर पोरीला घेऊन जा.

सांगायचं कारण असं की तेव्हाच्या दरबारानेसुद्धा लोकांना "वाचा" म्हणून उपदेश केला नाही, पुस्तक हाताला लागेल अशा अंतरावर आणून ठेवलं. पहाटपाच, तुमचं उशाशी पुस्तक ठेवणं मला पटलं ते याच कारणाने. दहा पानांचं नाही पटलं.

पहाटपाच

अर्धे का होईना गुण मिळाले.

तिखट_सेवउसळ

दांडिया बाजारात अरविंद घोषही राहायचे ना? त्यांच्यासाठी मुंबईहून रेल्वेने खोकी भरभरून पुस्तकं यायची आणि ते डासांची पर्वा न करता रात्र रात्र वाचायचे म्हणतात. डास अजून आहेत. पुस्तकांची खोकी कुठे गेली?

दांडियाबाजार_ओटला

खोकी येतात की, रोज. त्यात मोबाईलची कव्हरं असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासिक वर्गणीवर मराठी पुस्तकं देणारं छोटं वाचनालय होतं, मालकांचं वय झालं, मुलाला रस नव्हता. आता तिथे तेच विकतात.

हालोल_अपडाऊन

मी रोज हालोलला जातो-येतो. वाचायला वेळ नाही म्हणून गाडीत मराठी पुस्तकं ऐकतो. ऐकलेलं पुस्तक वाचलेल्यात धरायचं की नाही?

पहाटपाच

नाही. ते ऐकणं झालं. डोळे रस्त्यावर, कान पुस्तकात, डोकं टोलनाक्यावर.

कारेलीबाग_काकू

आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं. चातुर्मासात शेजारची वहिनी पोथी वाचायची, आजी ऐकायची. तिला आख्खे अध्याय तोंडपाठ. तिच्यापुढे "तुम्ही वाचलं नाहीत" म्हणायची कुणाची टाप होती?

खडू_फळा

दोन्ही बरोबर, पण धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे. ऐकून गोडी लागेल, डोळ्यांचा वेग वाढणार नाही. त्यांच्यासाठी उत्तम म्हणजे तेच पुस्तक हातात धरून ऐकणं. आवाज पुढे नेतो, डोळे मागून येतात. रस्त्यावर हे करू नका, हालोलवाले.

रावपुरा_रविवार

कुणी दिवाळी अंकांचं बोललंच नाही! नव्या वाचकासाठी याहून स्वस्त चाचणी नाही. मराठीत ही परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची. एका अंकात कथा, प्रवास, व्यक्तिचित्र, एखादा माहितीपर लेख, कविता. जे आवडेल त्या लेखकाचं नाव लिहून ठेवायचं, मग त्याचं पुस्तक शोधायचं. नाही आवडलं तर पान उलटायचं.

आम्ही काही घरं मिळून अंकांची भिशी चालवतो. प्रत्येक घराने वेगवेगळे अंक घ्यायचे आणि फिरवायचे. होळीपर्यंत पुरतात. बडोद्यात मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. मागवली तर टपालखर्च पडतो, आणि पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकाला पिशवीभर पुस्तकं आणायला सांगितलं की तो पुढच्या वेळी येतच नाही. भिशीने निम्मा प्रश्न सुटतो. फुकट हवं असेल तर मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ती कायदेशीर आहेत. पीडीएफ फिरवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिखट_सेवउसळ

शेवटच्या वाक्यावर खोकला आला.

विद्यापीठ_परिसर

धागाकर्ते कुठे गेले? सासुरवाडीला?

मकरपुरा_लोकल

इथेच आहे. कारखान्यात शटडाऊन चालू होता, म्हणून उशीर.

सगळ्यांना एकत्र उत्तर. कालेलकर गुजरातीत वाचतोय, खरंच भराभर पुढे सरकतं. मुलीला फास्टर फेणे वाचून दाखवतो. मी अडखळलो की ती हसते, मग मुद्दाम तिला वाचायला लावतो, मग मी हसतो. बायको म्हणते दोघंही एकाच इयत्तेत आहात. 'रारंगढांग' मेहुण्याकडून मागवलं. सुरुवात जड गेली, सोडणार होतो. काकूंचं ऐकून मधलं पान उघडलं आणि तिथून पुढे वाचत शेवटाला गेलो, मग मागे येऊन पहिला भाग वाचला. असं चालतं का माहीत नाही.

'मृत्युंजय' कपाटातच आहे. सासऱ्यांना कालेलकरांचं सांगितलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "मराठीत मिळालं तर मलाही पाठवा."

पहाटपाच

मधूनच शेवट वाचला? अहो!

कारेलीबाग_काकू

चालतं. पुस्तक तुमचं, पानं तुमची.

निवृत्त_ग्रंथपाल

आता माझा पुढचा प्रश्न. "असंच आणखी एक द्या" म्हणू नका, त्यात फसगत होते. हिमालयावरची सगळी पुस्तकं हातात येतील आणि एकही आवडणार नाही. 'रारंगढांग'मध्ये नेमकं काय आवडलं? डोंगर, माणसं, की काम?

मकरपुरा_लोकल

काम. आणि साहेब एक सांगतो, आपला हिशोब दुसरंच सांगतो, तेव्हा काय करायचं, ते. आमच्याकडे हे रोजचं आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

मग डोंगर सोडा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 ची आहे, लहानशी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून नेमलेला कोवळा पोरगा. शाळा आहे, पण मुलं येत नाहीत. काम तिथून सुरू. वाक्यं छोटी आहेत, खडू_फळा ताईंची अटही पुरी होते. थोडे माणदेशी शब्द अडतील, बायकोला विचारा, साताऱ्याला जवळचे आहेत.

रावपुरा_रविवार

आमच्या भिशीत आहे, पण सध्या अलकापुरीत कुणाकडे तरी अडकलीय. ते घर पुस्तक परत करत नाही, नाव घेत नाही.

कारेलीबाग_काकू

माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी येऊन न्या, शनिवारी भजनी मंडळ असतं. मुलीलाही आणा. आणि पान दुमडलेलं मला चालत नाही, आधीच सांगून ठेवते.